खळ्यातले बारा डोळे

एका बाईचा फोटो काढायला किती कॅमेरे लागतात? शहाणा माणूस "एक" असे उत्तर देईल. आमच्या सौ.नेही तेच दिले होते. वर "आणि तो एक तुमच्या खिशातल्या फोनात आहेच" अशी पुस्तीही जोडली होती. त्या वेळी आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटात नऊ कॅमेरे होते आणि दहावा वाटेत होता. पितळेची भांडी माळ्यावर गेली ती याच कॅमेऱ्यांपायी, हे तिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झाले होते. तेव्हा या लेखाला हौशी माणसाचा कबुलीजबाब म्हटले तरी चालेल.

त्याचे असे झाले. माझे आजोळ वरकुट्याचे. हे वरकुटे इंदापूर तालुक्यातले. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले वरकुटे-मलवडी ते निराळे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघावे, भिगवण मागे पडले की डाव्या हाताला उजनीचे पाणी अधूनमधून चमकू लागते. हिवाळ्यात तिथे अग्निपंखांचे थवे उतरतात आणि पुण्याचे कॅमेरेवाले त्यांच्या मागे उतरतात. मीही त्यांतलाच. पाखरांचे फोटो काढून परतताना आजोळी एक मुक्काम करायचा, हा माझा वर्षांचा परिपाठ.

तीन वर्षांपूर्वी मामा गेले. त्यानंतर प्रथमच गेलो, तेव्हा मधल्या सोप्यात त्यांचा हार घातलेला फोटो दिसला. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला. नाकासमोर पाहणारे, श्वास रोखून बसलेले मामा. मी म्हटले, "मामी, चांगला आलाय की मोठा होऊन."

मामी चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "चांगलाच हाय. पर ह्यात त्ये न्हाईत. चालताना डावा खांदा खाली सोडायचं. पाठमोरं निघालं की लांबनं वळखू यायचं, आलं बगा म्हणून. फोटूत नुसतं तोंड. तोंड काय, समद्यांनाच असतंय."

मी घरी आलो ते हेच वाक्य डोक्यात घेऊन. आपल्याकडे माणसाचे शेकडो फोटो निघतात, लग्नात तर हजारो. पण सगळे समोरून. बाजूने, पाठीमागून आपले माणूस कसे दिसते ते डोळ्यांना ठाऊक असते, भिंतीला नसते. मामांच्या बाबतीत आता इलाज नव्हता. मामींच्या बाबतीत होता. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि गावात अजून उभ्याने ज्वारी उपणणारी ती एकच बाई उरली होती.

शहरातल्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. मळणी झाली की दाणे आणि भुसकट एकत्र असते. ते पाटीत भरायचे, तिवईवर चढायचे, पाटी डोक्याच्याही वर धरून हलके हलके हलवत वाऱ्यावर सोडायची. दाणा जड, तो सरळ खाली पडतो. भुसकट हलके, ते वाऱ्याबरोबर पलीकडे जाऊन पडते. याला वारे देणे म्हणतात. आता मळणी यंत्र एका दमात सारे करते आणि ते चांगलेच आहे. उन्हात दिवसभर हात वर धरून उभे राहणाऱ्या बाईला विचारून पाहावे. शिवाय या भागात नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून आणि उजनीचे १९८० पासून. जिथे पाणी पोचले तिथे ऊस आला, ज्वारी कोपऱ्यात गेली. मामेभावाने एवढे एकच एकर मालदांडीसाठी ठेवले होते, तेही मामींच्या हट्टापायी. घरच्या भाकरीची ज्वारी यंत्रात घालायची नाही हा त्यांचा दुसरा हट्ट. पुढच्या वर्षी खळ्याच्या जागी ट्रॅक्टरची शेड होणार हे ठरले होते. म्हणजे वेळ होता तो एका सुगीचा.

माझ्या मनात भरले ते असे : मामी तिवईवर उभ्या आहेत, पाटी वर आहे, दाण्यांची धार हवेत थबकली आहे, भुसकटाचा पिसारा फुलला आहे, आणि आपण त्यांच्या भोवतीने, चेहऱ्यापासून पाठीपर्यंत, फिरून पाहतो आहोत. काळ थांबलेला, फिरतो तो पाहणारा.

ही कल्पना माझी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. १९९९ साली 'द मॅट्रिक्स' नावाचा इंग्रजी चित्रपट आला. त्यातला नायक मागे झुकून गोळ्या चुकवतो आणि सारे दृश्य त्याच्याभोवती गरकन फिरते, ते पाहून आमचे चिरंजीव खुर्चीवरून पडायचे राहिले होते. तिथे सुमारे १२० स्थिरचित्रांचे कॅमेरे नायकाभोवती मांडले होते. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, टिम मॅकमिलन नावाच्या इंग्रज कलावंताने असे थांबलेले क्षण टिपण्याचा उद्योग केला होता. आणि मुळापर्यंत गेले तर एकोणिसाव्या शतकातच जावे लागते. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम नावाचा शिल्पकार गिऱ्हाइकाला गोल खोलीच्या मध्यावर उभे करी, भोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी एकदम त्याचे फोटो घेई आणि त्या बाह्यरेषांवरून मातीचा पुतळा घडवी. मामांसाठी हा विलेम भेटायला हवा होता, असे मला फार वाटले.

मायब्रिजचे नाव तर पुष्कळांना ठाऊक असेल. १८७८ च्या जूनमध्ये अमेरिकेत पालो आल्टो येथे लेलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या घोड्यांसाठी त्याने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडले, आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे जगाला दाखवले. पुढच्याच वर्षी त्याने व्यायामपटूंना उभे करून त्यांच्याभोवती पाच कॅमेरे अर्धवर्तुळात मांडले आणि एकाच क्षणी उघडले. माझ्या खटाटोपाचे मूळ पुरुष ते हेच. घोड्याचे कळल्यावर मामेभाऊ म्हणाला, "मग बेलवाडीच्या रिंगणाला लावा की तुमचं यंत्र!" तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण बेलवाडीला होते, अश्व वर्तुळात दौडतो, सारे खरे, पण त्या गर्दीत बारा तिवया मांडू देईल असा वारकरी आणि असा पोलीस अजून जन्मायचा आहे.

आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढण्याआधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तसाच ठेवून त्याच्या वाढीची एकेक चौकट घेत बसले. त्यांच्यापाशी एक कॅमेरा आणि अनेक क्षण होते. मला अनेक कॅमेरे आणि एक क्षण हवा होता. गंमत अशी की दोन्हीकडे कष्ट सारखेच. आणि दोन्हीकडे घरातली माणसे सारखीच काळजीत.

लोक आता फोनवरच फोटो काढतात, त्यामुळे जुने कॅमेरे स्वस्तात मिळतात. दोन वर्षांत एकाच जातीचे अकरा जमले. बारावा एका मित्राकडून उसना घेतला, तो निराळ्या जातीचा. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. बारांना एकाच बटणाने उघडण्यासाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून तारा, खटका आणि एक प्लॅस्टिकची डबी आणली. एका कॅमेऱ्यातली वीज दुसऱ्यात शिरू नये म्हणून प्रत्येक तारेत एक डायोड जोडला. घरात दोन दिवस कथिलाचा वास येत होता.

मार्च महिन्यात ज्वारीची काढणी झाल्याचा फोन आला आणि मी गाडी भरून निघालो.

अर्धवर्तुळच का, पूर्ण का नाही, असे पुष्कळांनी विचारले. एक कारण साधे : पूर्ण वर्तुळात समोरचा कॅमेरा या कॅमेऱ्याला दिसतो, मग फोटोत मामींच्या मागे कॅमेरे उभे. पण खरे कारण वाऱ्याचे. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून सुटतो आणि भुसकट पूर्वेला जाते. पूर्वेला कॅमेरे ठेवणे म्हणजे अकरा संसार आणि एक उसना संसार धुळीत घालणे. म्हणून कॅमेरे पश्चिमेच्या अंगाला, वाऱ्याकडे पाठ करून. वारा कुशीवर घेऊन मामी दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहतात. त्यामुळे दक्षिण टोकाच्या पहिल्या कॅमेऱ्याला चेहरा, मधल्यांना उजवी बाजू आणि उत्तर टोकाच्या बाराव्याला पाठ. सूर्यही तेव्हा पश्चिमेलाच असल्याने उजेड कॅमेऱ्यांच्या मागून येणार. सारे कसे मुद्दाम जुळवल्यासारखे वाटले. पुढे कळले की जुळवायचे ते अजून राहिलेच होते.

पहिल्या दिवशी मी माझ्या बुद्धीने मांडणी केली. खळ्याच्या मध्यावर पूर्वी तिवडा असे, बैल ज्याच्याभोवती फिरायचे तो खांब. त्याच्या जुन्या खळगीत एक उंच बांबू उभा केला. त्यापासून चार मीटरांवर टेपने मोजून बारा तिपाया ठेवल्या. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधोमध बांबू आणला, एकेक फोटो घेतला, आणि रात्री संगणकावर बारा फोटो एकापुढे एक भरभर फिरवून पाहिले.

बांबू झिंगला होता. दुसरा शब्द नाही. डावीकडे कलला, उजवीकडे कलला, मोठा झाला, लहान झाला, एकदा तर पडद्याबाहेर जाऊन परत आला. प्रत्येक फोटो सुटा पाहिला तर ठीक. एकत्र पाहिले तर दारूचा अड्डा. मामी मागे उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "मला पन आसंच नाचवणार व्हय रं?"

यात काय घडते ते समजायला वाचकांनी क्षणभर हा अंक मांडीवर ठेवून एक बोट डोळ्यांसमोर धरावे, आणि आधी डावा, मग उजवा डोळा मिटावा. बोट जागचे हलते असे दिसेल. दोन डोळ्यांचे हे असे. इथे तर बारा. या बाराही डोळ्यांची नजर एकाच बिंदूवर खिळली तरच तो बिंदू स्थिर राहतो आणि बाकीचे जग त्याच्याभोवती फिरते. एक अंश म्हणजे तो केवढासा! घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत तेवढा सरकतो. पण कॅमेऱ्याचा रोख एका अंशाने चुकला तर चार मीटरांवर सात सेंटिमीटरांची चूक होते. कानाच्या जागी मान येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिपायांशी झुंजत असता शेजारच्या बांधकामावरचे गवंडी मिस्त्री बांधावर येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावणं, टेप कुठनं धरता?"

"बांबूपासून तिपाईपर्यंत."

"तिपाईच्या कुठल्या पायापत्तुर?"

मी गप्प. खरेच की, कधी या पायापर्यंत, कधी त्या. आणि कॅमेऱ्याचे भिंग तर कोणत्याच पायावर नसते.

मिस्त्रींनी पिशवीतून ओळंबा काढला, लाइन-दोरी काढली, आणि पाण्याची पारदर्शक नळी आणायला पोराला पिटाळले. पुढचे तीन तास मी त्यांचा बिगारी होतो. बांबूच्या बुडाला दोरीचा फास घालून चार मीटरांवर खिळा बांधला आणि खळ्यावर एक कमान ओढली. तिच्यावर फक्की मारली. माझ्या हिशोबाने दोन कॅमेऱ्यांत पंधरा अंशांचा कोन हवा होता, म्हणजे सरळ अंतर एक मीटर चार सेंटिमीटर. मिस्त्री म्हणाले, "च्यार सेंटिमीटर कशाला? मीटर धरा की, गज हाय माझ्याकडं मीटरचा." धरला. कमान १६५ अंशांऐवजी १५८ अंशांची झाली आणि कोणाचे काही बिघडले नाही. सगळी अंतरे सारखी असणे महत्त्वाचे, ती पंधराच असणे नव्हे, हे मला माझ्या कागदावर दिसले नव्हते.

मग ओळंबा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगाखाली ओळंबा सोडायचा आणि त्याचे टोक फक्कीच्या खुणेवर येईपर्यंत तिपाई सरकवायची. मग उंची. पाटीपर्यंत मामी आणि तिवई मिळून दोन मीटर साठ; म्हणून कॅमेरे निम्म्यावर, एक मीटर तीसवर. पण कोठून मोजायचे? खळे सपाट दिसते, असत नाही. पाणी काढून देण्यासाठी त्याला उतार ठेवलेला असतो. नळीतल्या पाण्याला मात्र उताराशी कर्तव्य नाही. एक टोक बांबूवरच्या खुणेशी, दुसरे कॅमेऱ्याशी. पाणी जिथे ठरेल तिथे भिंग. उत्तरेकडच्या तिपाया पाच-पाच बोटे उचलाव्या लागल्या.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा नाद लागलेला एखादा वाचक असेलच. कॅमेऱ्याचा रोख थोडा चुकला, तो थोडा तिरपा झाला, चित्र लहान-मोठे आले, तर नंतर संगणकावर ते सरकवता, फिरवता, ताणता येते. बांबूवर वर आणि खाली दोन लाल दोरे बांधले होते. बाराही चित्रांत हे दोन दोरे एकमेकांवर बसवले की काम झाले. त्या पायी कडा कापाव्या लागतात, म्हणून वर-खाली हातभर जागा मोकळी ठेवायची. पण कॅमेऱ्याची जागाच चुकली, तो कमानीच्या आत-बाहेर किंवा वर-खाली राहिला, तर मागचे झाड आणि पुढचा माणूस यांचे नातेच बदलते. ते कोणत्याही संगणकाने परत जुळत नाही. म्हणून क्रम असा : आधी जागा, मग उंची, मग आडवी पातळी, मग रोख, आणि सर्वांत शेवटी भिंगाची कड फिरवून दोन लाल दोरे पडद्यावरच्या ठरावीक रेघांवर आणायचे. मी नेमके उलटे केले होते. शेवटी भिंगाची कड हलू नये म्हणून चिकटपट्टी लावली. मॅट्रिक्सवाल्यांपाशी लेसरचे किरण होते. आमच्यापाशी मिस्त्रींची दोरी होती. रात्री बांबू ताठ उभा राहिला आणि मागचे कडुलिंबाचे झाड डौलात त्याच्याभोवती फिरून गेले. मिस्त्रींनी ते चार वेळा पाहिले. पाचव्या वेळी म्हणाले, "सातव्याला जरा वर हाय." होता. बोटभर.

बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून अजैविक ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथे दुष्काळात तग धरणाऱ्या पिकांच्या अभ्यासासाठी रोपांचे निरनिराळ्या बाजूंनी फोटो घेऊन त्यांची वाढ मोजतात. हे मी मामींना सांगितले, त्यांना धीर यावा म्हणून. त्या म्हणाल्या, "रोप गप ऱ्हातंय. मला खाज आली तर?"

तिसरा दिवस. मामींनी ठेवणीतले हिरवे लुगडे काढले होते, सुनेने "धुळीत कशाला?" म्हणताच तिला गप्प केले. मात्र सुनेचा खरा आक्षेप लुगड्याला नव्हता. या वयात तिवईवर चढणे, वर पाहत तोल सांभाळणे, हे तिला पटत नव्हते, आणि तिचे म्हणणे अगदी रास्त होते. मलाही रात्रभर तेच टोचत होते. अखेर तह झाला : तिवईमागे, कोणत्याही कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी जागा नव्हतीच, तेव्हा मामेभाऊ पूर्वेला चित्राबाहेर दोन पावलांवर उभा राहील, आणि पाट्या तीनच. तीन पाट्या म्हणजे तीन संधी.

वारा नव्हता. दोन वाजले, तीन वाजले. कडुलिंबाचे पान हलेना. इकडे सूर्य खाली येत होता, आणि पश्चिमेचा उजेड मला सोयीचा वाटला होता त्याची दुसरी बाजू आता दिसू लागली : कॅमेऱ्यांच्या सावल्या हळूहळू खळ्यात शिरत होत्या. एक मीटर तीस उंचीच्या कॅमेऱ्याची सावली सव्वापाचच्या सुमारास चार मीटर लांब होते, म्हणजे तिवईला टेकते. त्यानंतर फोटो म्हणजे बारा सावल्यांचे बुजगावणे. मामी सावलीत बसून सुपारी कातरत होत्या. "वारा काय तुमच्या बटनावर हाय व्हय?" एवढेच म्हणाल्या.

चार चाळीसला पहिली झुळूक आली. मामी उठल्या, नमस्कार करून तिवईवर चढल्या. तिवईवर पाऊल ठेवताना गुडघे कुरकुरताना दिसले. वर उभ्या राहिल्यावर मात्र त्या निराळ्याच झाल्या. पाठ ताठ, कोपर बाहेर. सुनेने पाटी दिली. पहिली पाटी मी वाया घालवली. धार सुरू होण्याआधीच बटण दाबले. दुसऱ्या पाटीला वारा पडला आणि भुसकट मामींच्याच अंगावर आले. त्या खोकल्या, डोळे पुसले. सून म्हणाली, "आत्ती, बास आता." मी म्हटले, "मामी, उतरा. राहू द्या."

"तिसरी दे," मामी सुनेला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

आम्ही थांबलो. मिनिट गेले, दुसरे गेले. पाटी कडेवर घेऊन त्या वर उभ्या. मग मागून मानेवर वारा लागला, चांगला भरलेला. पाटी वर गेली, मनगटे हलू लागली, आणि दाण्यांची धार सुरू झाली. पाटीपासून जमिनीपर्यंत दाण्याला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही; खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला सात मीटर होतो. म्हणून सेकंदाचा दोनहजारावा भाग एवढाच वेळ भिंग उघडे. भुसकट पिसाऱ्यासारखे पूर्वेला झुकले. मी बटण दाबले. बारा खटके एकदम वाजले.

निदान मला तसे वाटले. मिस्त्री म्हणाले, "एक मागनं वाजला."

रात्री पाहिले तेव्हा कळले. चौथ्या जागेवर तो उसना कॅमेरा होता. काही वेळ कोणी हात लावला नाही की वीज वाचवण्यासाठी हे कॅमेरे झोपी जातात. अकरांची ती सवय मी मोडून ठेवली होती. बाराव्याची मोडायची राहिली. दोन मिनिटे वाऱ्याची वाट पाहण्यात तो झोपला, बटणाच्या धक्क्याने जागा झाला आणि मग त्याने आपला फोटो काढला. दोष कॅमेऱ्याचा नव्हे, माझा. यादी करून गेलो होतो आणि यादीत ते कलमच नव्हते. तीन पाट्यांचा तह झाला होता आणि सुनेचा शब्द मोडून चौथी मागणे मला शक्य नव्हते. मामी तोवर पाठीला तेल लावून घेत होत्या.

अकरा चित्रे मात्र जुळली. मी ती लाल दोऱ्यांवर बसवली आणि फिरवली. दाणे हवेत थांबलेले, भुसकटाचा पडदा मागे, आणि मामींच्या भोवतीने चेहऱ्यापासून पाठीपर्यंत नजर जाते. तिसऱ्यावरून पाचव्यावर जाताना एक हिसका बसतो, तेवढा माझ्या झोपाळूपणाचा.

मामींना संगणकापुढे बसवले. पहिल्या फेरीला त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला बाराव्या चित्रावर त्यांनी हात वर केला. "थांब. हितं थांब."

पडद्यावर त्यांची पाठ होती. लुगड्याचा पदर खोचलेला, मानेवर बांधलेला छोटा अंबाडा, उजवा खांदा किंचित वर.

"ही आमची आई," त्या म्हणाल्या.

मला वाटले त्यांना नीट दिसले नाही. "मामी, तुम्हीच आहात."

"मीच हाय, कळतंय मला. पर पाठ आईची हाय. आमची आई अशीच हुबी ऱ्हायाची. मी तिच्या मागं कणसं येचत असायची." मग बराच वेळ त्यांनी तो फोटो पुढे सरकू दिला नाही. सून कणीक मळता मळता हात तसेच धरून दारात आली आणि तिनेही पाहिले.

शेवटी त्यांनी विचारले, "बारा म्हनला हुतास. अकराच का?"

चौथा दाखवावा लागला. त्यात पाटी रिकामी होऊन खाली आली आहे, दाण्याचा एक कण हवेत नाही, पदर सुटला आहे आणि मामी थेट भिंगाकडे पाहून विचारताहेत, "झालं का रं?" तोंड उघडे, पुढचा एक दात नाही. मी तो पुसणारच होतो.

"ह्यो मोठा करून आन," मामी म्हणाल्या. "ह्येंच्या शेजारी लावायला."

आणला. सोप्यात आता मामा नाकासमोर पाहतात आणि शेजारी मामी "झालं का रं?" म्हणतात. बाराव्या चित्राची प्रत मामींनी भिंतीवर लावू दिली नाही. ती ट्रंकेत ठेवली आहे. अकरा चित्रांची फिरती फीत मामेभावाच्या फोनात आहे आणि तो ती तालुक्यात भेटेल त्याला दाखवतो. शेडचे खांब पावसाळ्याआधीच उभे राहिले, आणि त्यांचा ओळंबा मिस्त्रींनीच धरला असे कळले. तोही उसन्या ओळंब्याने. कारण त्यांचा स्वतःचा माझ्या तारांच्या पिशवीत पुण्याला आला आहे. त्यासाठी त्यांचे तीन फोन येऊन गेले. दिवाळीच्या फराळाबरोबर तो पोचवायला मी निघालो आहे, आणि सौ. म्हणते आहे की जाताना कपाटातले अकराही घेऊन जा.